पांढऱ्या शर्टांवरचं छप्पर

शेडचं छप्पर बदलायचं ठरलं, तेव्हा बारामतीतल्या एका विक्रेत्यानं मला सांगितलं, "मॅडम, साहेबांना घेऊन या, म्हणजे नीट समजावून देता येईल." साहेब, म्हणजे माझा नवरा, माझ्या शेजारीच उभा होता. हेल्मेट हातात धरून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मी म्हटलं, "साहेब आलेत. पण त्यांना शिलाईतलं काही कळत नाही आणि तुम्हाला छपरातलं. तुम्ही दोघं निवांत गप्पा मारा, मी निघते." आणि खरंच निघाले. नवरा मोटरसायकल घेऊन मागून आला आणि म्हणाला, "अगं, चहा सांगितला होता त्यानं." मी तापट आहे याबद्दल माहेरी आणि सासरी एकमत आहे. त्या वर्षी तो ताप कामी आला हे मात्र सगळे उशिरा कबूल करतात.

आमचं शिलाई युनिट शेळगावात आहे, कालव्याच्या पुलावरून आत. युनिट हा शब्द भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात एक लांबट शेड, तीस मशिनी, वाफेच्या दोन इस्त्र्या आणि तीस बायका. त्यांना कुणी 'कामगार' म्हटलं तर त्या मागे वळून बघतात, कोण आलं म्हणून. आम्ही शाळांचे गणवेश शिवतो, त्यातही मुख्य म्हणजे पांढरे शर्ट. शाळा जूनमध्ये उघडतात. म्हणजे शर्ट शिवायचे ते एप्रिल आणि मे महिन्यांत. आमचं वर्ष याच दोन महिन्यांवर उभं असतं, आणि याच दोन महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये माणसाला बसवत नाही.

साधा पत्रा होता आमचा. अकरा वाजले की तो तडतडायला लागायचा. मशीनच्या डोक्याला हात लागला तर चटका बसायचा. घामेजलं मनगट पांढऱ्या कापडावर टेकलं की डाग, म्हणून बायका मनगटाला रुमाल बांधून शिवायच्या. पंखे वरची गरम हवा खाली ढकलायचे, त्यापेक्षा बंद बरे. बारा वाजता सगळ्या उठून घरी जायच्या, आणि त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. एकदा एक जण मशीनवरच मान टाकून पडली होती. तिच्या तोंडावर पाणी मारताना मला स्वतःचाच राग आला होता.

त्यात वळवाचा पाऊस. वर गार पाऊस पडायचा, खाली इस्त्रीची वाफ चाललेली असायची, आणि पत्र्याला आतून घाम सुटायचा. पत्रा गळत नसला तरी थेंब पडायचेच. गंजाचा लालसर थेंब आणि खाली पांढरा शर्ट. पुढचं सांगायला नको.

यावर पहिला उपाय केला तात्यांनी. तात्या म्हणजे माझे सासरे. आजेसासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा हे पाळण्यात होते. मोठे झाल्यावर एसटीच्या वर्कशॉपात नोकरी केली, निवृत्त झाल्यावर ऊस लावला, आणि आता जगातल्या कुठल्याही यंत्रात किंवा पिकात आपल्याला कळत नाही असं काही उरलेलं नाही, असा त्यांचा समज आहे. ते म्हणाले, "गोठ्यावर पाचट टाकलं की म्हशी गार ऱ्हात्यात. बायकांनी काय पाप केलंय?" उसाची तोड नुकतीच झाली होती, वाळलेली पानं फडात ढिगानं पडली होती. चार ट्रॉल्या पाचट शेडवर चढलं. वरून दोऱ्या आवळल्या. आणि खोटं कशाला बोलू, गारवा आला. बायका दोन वाजेपर्यंत बसायला लागल्या. तात्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबवून शेड दाखवायचे. लांबून बघितलं तर आमचा कारखाना म्हशींचा मोठा गोठा वाटायचा. पण आत काम होत होतं, म्हणून मीही गप्प होते.

मग वळीव आला. वाऱ्यानं निम्मं पाचट गावभर केलं, देवळाच्या कळसापासून सरपंचांच्या गाडीपर्यंत. उरलेलं घसरून पन्हाळीत बसलं. पन्हाळ तुंबली, पाणी मागे फिरलं आणि पत्र्याच्या सांध्यांतून आत उतरलं. ते पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. ते नेमकं पडलं इस्त्री करून घड्या घातलेल्या थप्प्यांवर. तयार माल, उद्या जाणारा. आम्ही तीस जणींनी ते शर्ट तीन वेगवेगळ्या पावडरींत धुतले, उन्हात टाकले, लिंबू चोळलं. पाचटाचा डाग काही गेला नाही. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण त्यांचं तोंड बघून ओरडवलं नाही.

आमचा माल घेणाऱ्या बाई पुण्याच्या. स्पष्ट बोलणाऱ्या, पण मनानं वाईट नाहीत. त्यांनी थंडीत बोलावून घेतलं आणि सांगितलं, "यंदा ऑर्डर देते. पण मेमध्ये मी स्वतः येणार, दुपारी, न कळवता. शेड रिकामी दिसली किंवा शर्टावर एक डाग दिसला, तर उरलेलं काम मी बारामती एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला देईन. आणि मग ते कायमचं तिकडेच." मी मान डोलावली. घरी परत येताना बसमध्ये मला दुसरं काही सुचत नव्हतं.

गावात आल्यावर आणखी एक ठिणगी पडली. आमच्याकडे कॉलर बसवणारी एक जण आहे. कॉलर म्हणजे शर्टाचं तोंड, आणि तिच्या हाताची कॉलर कधी वाकडी बसलेली मी पाहिली नाही. दोन मुलं, नवरा ट्रकवर, सगळं घर तिच्या मशीनवर चालतं. ती म्हणाली, "वैनी, राग धरू नका. औंदा पन तसंच तापलं, तर मी एमआयडीसीतच जाणार. निम्म्या दिवसाच्या कामावर घर चालत न्हाय." मला राग आला, पण तिचा नाही. ती गेली असती तर तिच्या मागे आणखी दहा जणी गेल्या असत्या, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

म्हणून ठरलं, छप्पर बदलायचं. माझा नवरा एमआयडीसीतल्या एका डेअरीत शिफ्टला आहे. तिथल्या शीतगृहाचं छप्पर रोज त्याच्या डोक्यावर असतं, पण त्यानं त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मी म्हटल्यावर परवानगी काढून मला घेऊन गेला. वरखाली दोन पातळ पत्रे आणि मधे पिवळट फेस भरून घट्ट झालेला. सगळे त्याला पफ पॅनल म्हणतात. भिंतीही त्याच पॅनलच्या; बाहेरून हात लावला तर चटका बसत होता. आतून तोच पत्रा गार, कोरडा. मी गाल लावून बघितला. नवरा इकडेतिकडे बघायला लागला, कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून. मी म्हटलं, "बघू दे. मला माझं छप्पर सापडलं."

पण ते इतकं सोपं नव्हतं. शीतगृह चारी बाजूंनी बंद असतं. आमच्या शेडची दारं उघडी, आत माणसं, इस्त्र्यांची वाफ, कापडाचे ढीग. विक्रेते एकापाठोपाठ एक यायला लागले. प्रत्येकाच्या बॅगेत वडीएवढा तुकडा. प्रत्येक जण तो तुकडा माझ्या हातात देऊन जाडीवरच बोलायचा. आमचं इतकं जाड, त्यांचं फक्त तितकं. तात्या ओट्यावर बसून ऐकत होते. शेवटी उखडले. "शेपूट दाखवून बैल इकायला निघाल्यात का रं तुमी? अख्खं जनावर आना. उबं करू, चालवू, मग बोलू."

विक्रेते हसले, पण मला ते पटलं. आमच्याकडे कुणीही मोटार असो की म्हैस, चालवून आणि पिळून बघितल्याशिवाय दावं हातात घेत नाही. मी सांगितलं, ज्याला काम हवं त्यानं पूर्ण रुंदीची दोन पॅनल आणायची आणि दोन्ही जोडून आमच्या अंगणात बसवायची. पाच जण होते, तीन उरले.

मार्चमध्ये आमच्या अंगणात चार खोपी उभ्या राहिल्या. लोखंडी चार खांब, वर छप्पर, तीन बाजूंना जुनी ताडपत्री. चौथ्या खोपीवर आमचाच जुना पत्रा, तुलनेला. पहिल्या विक्रेत्याच्या पॅनलमध्ये थर्माकोल होता. दुसऱ्याचं पॅनल सगळ्यांत जाड, बायकांनी त्याला लगेच 'जाड्या' नाव ठेवलं. तिसरं जाडीनं मधलं, दिसायला बेताचंच. जेवणाच्या सुट्टीत बायका डबे घेऊन खोपीत बसायच्या, रोज खोप बदलून. जुन्या पत्र्याखाली बसायची पाळी ज्यांची यायची त्या भांडायच्या. थर्माकोलवाल्याखाली बरं होतं. जाड्या आणि मधल्याखाली तर एक जण हात धुवायचे विसरून झोपली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा कौल जाड्याला होता. तात्याही म्हणाले, "जाड त्ये बरं. डोकं कशाला चालवायचं?"

तरी त्यांनी डोकं चालवलंच. एका दुपारी काडेपेटी घेऊन अंगणात आले आणि प्रत्येक पॅनलच्या नमुन्याचा कोपरा कोयत्यानं चिरून त्याला काडी लावली. थर्माकोल आक्रसला, वितळला आणि पेटते थेंब खाली टपकायला लागले. बायका ओरडून मागे सरल्या. आमच्याकडे इस्त्र्या आणि कापड एका छताखाली असतं, त्यामुळे त्या विक्रेत्याला चहा पाजून निरोप दिला. बाकी दोघांचा फेस काळा पडला, धुमसला, आणि काडी काढल्यावर विझला. तात्या इतके खूश झाले, जसं काही तो फेस त्यांनीच शोधून काढला होता.

आता दोनच उरले, आणि पाऊस बघायचा राहिला. मार्चमध्ये पाऊस कुठून आणायचा? उसाला पाणी मारायची रेनगन तात्यांकडे होतीच. तीन पायांवर उभी राहते आणि लांबवर पावसासारखं पाणी फेकते. ती अंगणात रोवली, विहिरीवरची मोटर चालू केली. वरून गार पाण्याचा मारा, आणि प्रत्येक खोपीत आम्ही आळीपाळीनं वाफेची इस्त्री चालू ठेवली. म्हणजे आमचा मेमधला वळीव हुबेहूब. खाली पांढरं कापड अंथरलं. गावातली पोरं, म्हातारी, सगळी जमली. कुणीतरी भेळेची गाडीसुद्धा आणून लावली.

जुन्या पत्र्याला थोड्याच वेळात घाम सुटला आणि कापडावर लाल ठिपके पडले. यात नवल नव्हतं. नवल पुढं होतं. जाड्याच्या दोन पॅनलांच्या मधल्या सांध्यावर हळूहळू थेंब जमायला लागले. एक पडला, मग दुसरा. मधल्याच्या खाली मात्र कापड कोरंच. रेनगन फिरवून फिरवून मारली, वाऱ्याच्या बाजूनं मारली, इस्त्रीची वाफ वाढवली, तरी कोरं. मी स्टूलवर चढून दोन्ही सांधे बघितले. जाड्याची पॅनलं एकमेकांना नुसती चिकटून उभी होती. मधे बोटाच्या नखाएवढी फट होती, आणि त्या फटीतून वरच्या पत्र्याचा गारवा थेट खाली उतरत होता. वाफेचा थेंब व्हायला तेवढी गार जागा पुरते. मधल्याचं पॅनल मात्र शेजारच्या पॅनलमध्ये अडकून बसत होतं, आत चिकट रबरी पट्टी होती, आणि वरची घडी शेजारच्या पॅनलवर चढून बंद होत होती.

सगळे जाडीवर बोलत होते आणि गोम सांध्यात होती! मला इतका आनंद झाला की मी स्टूलवरूनच ओरडले, "मधला!" खाली उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जाड्याचा विक्रेता म्हणत होता की बसवताना सांधा नीट बुजवून देऊ. मी त्याला म्हटलं, आज अंगणात दोन पॅनलांचा सांधा बुजवता आला नाही, शेडवर सगळे कसे बुजवाल? तो आपली पॅनलं उतरवायला लागला. मला त्याची थोडी दयाही आली, कारण माणूस प्रामाणिक होता.

त्यानंतर घरात खरं भांडण झालं ते रंगावरून. तात्यांना छप्पर निळं हवं होतं. विहारावरचा झेंडा निळा, आमच्या घराचं दार निळं, आणि कारखान्याचं छप्पर हायवेवरून लांबनं दिसलं पायजे, असा त्यांचा हट्ट. त्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आणि आज त्याच गावात त्यांची सून तीस बायकांना काम देते. हे निळ्या रंगात लांबून दिसावं असं त्यांना वाटत होतं. मला ते कळत होतं. मलाही वाटत होतं. पण गडद रंग ऊन पितो. विक्रेत्याकडून निळ्या आणि पांढऱ्या पत्र्याचे तुकडे मागवून मी दुपारभर उन्हात ठेवले आणि तात्यांचा हात धरून दोन्हींवर टेकवला. निळ्यावरून त्यांनी हात झटकन काढला. पांढऱ्यावर ठेवून राहिले. मग म्हणाले, "पांडरंच कर. पन कडंला तरी निळं घाल." म्हणून आमच्या छपराला चारी कडांनी निळी पट्टी आहे. हायवेवरून ती दिसते. मी जाऊन बघून आले.

बसवणाऱ्या ठेकेदाराशीही माझं वाजलं. त्याला उजेडासाठी मधे मधे पारदर्शक पत्रे घालायचे होते. मी म्हटलं, छपराला भोक नको, तेवढं ऊन आत येणार आणि तिथूनच गळणार. उजेडाला आपण उत्तरेच्या भिंतीत वरच्या बाजूला खिडक्या काढू. त्याला हवा जायला वर गरगर फिरणारे पंखे बसवायचे होते. मी म्हटलं, दोन्ही टोकांच्या भिंतींत वर जाळ्या ठेवा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरच मारायचे, पाणी वाहतं त्या खळग्यात नाही. पॅनलची उघडी टोकं पत्र्यानं बंद करायची, कारण ऊस तुटला की उंदीर वस्तीकडे येतात आणि असला फेस त्यांना बिळासाठी फार आवडतो. ठेकेदार नवऱ्याला म्हणाला, "तुमच्या मिसेस इंजिनिअर आहेत का?" नवरा म्हणाला, "न्हाय, शिंपीण हाय. टाका न् टाका बघनार." मला ते कौतुक इतकं आवडलं की मी त्या रात्री त्याच्या आवडीचं कालवण केलं.

शेवटचा हट्ट होता लांबीचा. आढ्यापासून पन्हाळीपर्यंत एकच पॅनल, मधे आडवा सांधा नको, म्हणजे तिथून पाणी शिरायचा प्रश्नच नको. ठेकेदार म्हणाला, तीस फुटांचं पॅनल तुमच्या पुलावरून वळणार कसं? आणि खरंच वळलं नाही. जत्रेच्या सुट्टीत जुना पत्रा उतरवला, शेड उघडी पडली, आणि पॅनलांचा लांब ट्रक कालव्याच्या पुलावर येऊन अडकला. ड्रायव्हरनं पुढे-मागे करून बघितलं, मग इंजिन बंद करून बिडी पेटवली. ठेकेदार म्हणाला, पॅनल मधे कापू, दोन तुकडे करू. मी म्हटलं, कोयता माझ्या मानेवर चालवा, पण पॅनलला हात लावू नका.

तेवढ्यात कॉलर बसवणारी पुढं आली. तिनं एका पॅनलचं टोक उचलून बघितलं. "ह्ये तर हलकं हाय," ती म्हणाली. "वैरणीच्या भाऱ्याहून हलकं." मग काय सांगायचं. बायकांनी पदर खोचले, डोक्यावर चुंबळी ठेवल्या. एका पॅनलला दहा जणी, पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या. ठेकेदार मागून ओरडत होता, "मदे वाकू देऊ नका, मदे वाकू देऊ नका!" आणि पुलापासून शेडपर्यंत कालव्याच्या कडेनं पांढरी लांबलचक पॅनलं एकामागोमाग चालायला लागली. जत्रेला आलेले पाहुणे रस्त्यात थांबले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाचं लगीन म्हनायचं?" पुढच्या बाईनं मान न वळवता उत्तर दिलं, "आमच्या दुपारचं!" मी सगळ्यात मागच्या पॅनलखाली होते. मान दुखत होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि इतकं बरं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल. थोड्या वेळानं गडीमाणसंही खांदा द्यायला आली. आम्ही त्यांना परत पाठवलं नाही, पण पुढं चालू दिलं नाही.

जत्रा आटोपेपर्यंत छप्पर चढलं. एप्रिल गेला. बायका दुपारी थांबायला लागल्या, आधी दोनपर्यंत, मग चारपर्यंत. मनगटाचे रुमाल सुटले. पण मला झोप लागत नव्हती, कारण खरा वळीव अजून आला नव्हता आणि पुण्याच्या बाईही आल्या नव्हत्या.

दोघं एकाच दुपारी आले. मे महिना, आभाळ सकाळपासून भरून आलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. बाईंची गाडी दारात थांबली आणि पाठोपाठ वारा सुटला. बाई आत आल्या, तीसही मशिनी चालू होत्या. त्यांनी घड्याळात बघितलं. एकेक थप्पी उलटून बघायला लागल्या. तेवढ्यात गडगडलं आणि गारा सुरू झाल्या. आधीच्या वर्षांमध्ये गडगडलं की आम्ही सगळ्या उठून शर्टांवर ताडपत्र्या टाकायला धावायचो. आताही सगळ्यांचे पाय सवयीनं थांबले. तीस तोंडं माझ्याकडे वळली. पण मी म्हटलं, "चालू द्या गं." आणि मशिनी पुन्हा सुरू झाल्या. जुन्या पत्र्यावर गारा पडल्या की शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता वर नुसती गोणी ओतल्यासारखी धडधड होत होती, आणि मला बाईंच्या बांगड्यांचा आवाजही ऐकू येत होता.

बाई इस्त्रीच्या टेबलापाशी गेल्या. वाफ वर जात होती. त्यांनी मान वर केली आणि छपराकडे बघत उभ्या राहिल्या. मीही बघत होते. सगळ्याच बघत होत्या, हात चालू ठेवून. एक थेंब पडला नाही. एकही नाही. बाईंनी सांध्यांवरून नजर फिरवली, खालचा शर्ट उचलला, उलटापालटा केला, परत ठेवला.

मग वीज गेली. वळवात ती जातेच. मशिनी थांबल्या, पंखे थांबले. पाऊसही थोड्या वेळात ओसरला आणि पाठोपाठ ऊन पडलं. पावसानंतरचं हे ऊन सगळ्यांत वाईट. जमिनीतून वाफा निघतात आणि जीव नकोसा होतो. पूर्वी अशा वेळी आम्ही सगळ्या पळत बाहेर चिंचेखाली जाऊन बसायचो, कारण बिनपंख्याच्या शेडमध्ये पाच मिनिटं काढणं शक्य नव्हतं. बायकांनी बटणांचे डबे काढले आणि खिडक्यांच्या उजेडात हातानं बटणं लावायला बसल्या. बाईंना ते बघवेना. पदरानं मान पुसत त्या कॉलर बसवणारीला म्हणाल्या, "अहो, पंखे बंद आहेत. वीज येईपर्यंत बाहेर जाऊन बसा की सगळ्या, थोडं वारं घ्या."

तिनं दातानं दोरा तोडला. "बाहेर?" ती म्हणाली. "बाहेर लई उकडतंय, बाई. आमी हितंच बसतो."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. कॉलरवालीनं स्टूल पुढं सरकवलं. बाई त्यावर बसल्या, पुढ्यातल्या थप्पीतला एक शर्ट मांडीवर घेतला आणि पुढच्या वर्षीच्या ऑर्डरचं बोलायला लागल्या.